अण्णांची अर्धी प्रदक्षिणा

मी क्षमाशील बाई नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्या वयाच्या बायका आठवणी लिहायला बसल्या की सगळ्यांना माफ करत सुटतात. शाळेतल्या मारकुट्या बाईंना माफ, सासूला माफ, कुजकट शेजारणीला तर वर आशीर्वाद. वाचून वाटतं, यांच्या आयुष्यात कुणी वाईट वागलंच नाही की काय. माझ्या आयुष्यात वागलं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे आणि ते फरीदाबादच्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी माझ्या आईला सायकलवरून उतरवलं. मी तेव्हा दहावीच्या आसपास होते आणि मी त्याची परतफेड केली. ती कशी केली ते या प्रकरणात लिहिते आहे, आणि सावकाश, चवीनं लिहिणार आहे.

आम्ही एका सेक्टरच्या अगदी शेवटच्या रांगेत, दुसऱ्या मजल्यावर राहायचो. घरामागे रस्ता, रस्त्यापलीकडे अरवलीचा उतार आणि त्यावर पसरलेलं कीकरचं काटेरी जंगल. सकाळी आधी मोर ओरडायचे, मग कुणाची तरी टाकी भरून वाहायला लागायची, मग खालून भाजीवाल्याचं ‘आलू ले लो, गोभी ले लो’. बाबा दिल्लीत एका सरकारी खात्यात होते, ते मेट्रो गाठायला डबा घेऊन धावायचे. घराबाहेर सगळं हरियाणा, पण उंबऱ्याच्या आत यवतमाळ. आंबाडी बाजारात मिळत नाही म्हणून आईनं ती गच्चीवर कुंड्यांत लावली होती. गोळाभात, पाटवडीचा रस्सा, रविवारी पोहे आणि त्यावर लालभडक तर्री. तर्रीची फोडणी पडली की वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी खोकत जिन्यात यायच्या आणि विचारायच्या, “भाभीजी, आज किसको मारने का इरादा है?” आणि वाटी पुढे करायच्या. आई दारात हिंदी बोलायची, ओट्याशी वऱ्हाडी, आणि मंडळाच्या कार्यक्रमात गेली की एकदम जपून, शब्द निवडून, पुस्तकातलं मराठी. तिथे ती निम्मीच बोलायची आणि निम्मं गिळायची. मला त्याचा राग यायचा, पण तो कुणावर काढायचा हे तेव्हा कळत नव्हतं.

जंगलाच्या एका तुकड्याला कुंपण घालून पार्क केला होता आणि आत सायकलींसाठी मातीची पायवाट आखली होती. जाड टायरच्या, गिअरवाल्या सायकली फाटकाजवळच्या शेडमध्ये भाड्यानं मिळायच्या. शेड सांभाळायची कोमल नावाची धिप्पाड, हसरी मुलगी, तीच शिकवायचीही. झाडांमधून जाणारी ही वाट फाटकापासून निघून फाटकाशीच परत यायची, आणि अगदी नवशिक्यांसाठी होती. आत शिरलं की हिरवे बाण उजवीकडे न्यायचे. आधी दमवणार नाही असा लांबच लांब चढ. मग टेकाडाच्या पाठीमागे एक अरुंद नाला आणि त्यावर फळ्यांचा पूल. पूल ओलांडला की उतार. उताराला वळणं होती आणि प्रत्येक वळणाची बाहेरची कड माती चढवून उंच केलेली, म्हणजे सायकल तिच्यावर आपोआप झुकायची आणि निसटायची नाही. सगळ्यात शेवटी, फाटकाच्या अलीकडे, मऊ वाळूचा पट्टा, कुणाला वेग आवरला नाही तर हाडं मोडू नयेत म्हणून. या सगळ्या फेरीच्या मधोमध, टेकाडावर, पार्कच्याही आधीपासूनचं महादेवाचं छोटंसं देऊळ होतं. देवळामागून अभिषेकाचं पाणी सिमेंटच्या पन्हळीतून खाली त्या नाल्यात यायचं. ही पन्हळ लक्षात ठेवा. मी ठेवली होती.

सायकल शिकायचं खूळ आईचं. माहेरी सायकल होती, पण ती मामाची. मामा सायकलवर शाळेत जायचा आणि आई त्याच रस्त्यानं पायी. “त्याच्या कॅरिअरवर माही थैली जाये,” ती सांगायची, “मी नाही.” दिवाळीनंतर एकदा आम्ही दोघी पार्कात फिरायला गेलो होतो. एक शाळकरी पोरगी उतारावरून किंचाळत खाली आली, आणि आई तिच्याकडे अशी बघत राहिली की मीच तिचा हात धरून कोमलच्या शेडकडे ओढत नेलं. चाळिशी ओलांडलेली माझी आई, सलवार-कमीज, पायात बाबांचे जुने बूट. कोमल तिला आंटी जी म्हणायची. “दोनों ब्रेक साथ में, आंटी जी, हल्का हल्का। अगला अकेला दबाया तो सीधे आगे उड़ोगे। और नज़र वहाँ रखो जहाँ जाना है। जिस चीज़ को घूरोगे, उसी में घुसोगे।” आई हे सगळं घरी येऊन भाकऱ्या थापताना म्हणून बघायची, हल्का हल्का. भाड्याच्या हेल्मेटला दुसऱ्यांच्या घामाचा वास येतो म्हणून तिनं स्वतःचं हेल्मेट घेतलं, जांभळं. ते घरात खिळ्याला अडकवलेलं असायचं आणि येताजाता ती त्यावरची धूळ पुसायची. मी तिला इतकी खुश कधी बघितली नव्हती, आणि नंतरही फार वेळा नाही.

आता अण्णांकडे वळते. अण्णा मूळचे पुण्याचे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, गोरे, ताठ, खणखणीत आवाजाचे. त्यांना सगळं माहीत असायचं. नसेल ते ते जास्त मोठ्यानं सांगायचे. आदल्या वर्षी मंडळाची सहल एका जुन्या शिवमंदिराला गेली होती. आम्ही बौद्ध. घरात बुद्धाची पितळी मूर्ती, देवळांत आमचं जाणंयेणं नाही, पण सहल सगळ्यांची म्हणून आम्हीही गेलो. बाबा दगडावरचं कोरीवकाम बघत, फोटो काढत देवळाभोवती चालले होते, तेवढ्यात अण्णा ओरडले, “अहो अहो अहो! सोमसूत्र ओलांडलंत! शंकराला अर्धी प्रदक्षिणा असते. गोमुखातून पाणी जातं ना, त्या पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं उलट फिरायचं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हे!” मग बाकीच्यांकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच. “यांना कसं माहीत असणार म्हणा.” दोघा-तिघांनी मान हलवली. बाबांनी चक्क हात जोडले आणि सॉरी म्हणाले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी त्या दिवशी सोमसूत्र हा शब्द पाठ केला. माझ्या मराठीत तेव्हा भोकंच भोकं होती, साधे साधे शब्द मला यायचे नाहीत, पण हा शब्द मी जन्मात विसरणार नव्हते.

त्या हिवाळ्यात एका रविवारी आईनं पहिल्यांदा अख्खी फेरी कुठेही पाय न टेकता मारली. मी फाटकाशी उभी होते. ती उतारावरची वळणं एकामागून एक घेत खाली आली, ओढणी कमरेला बांधलेली, जांभळं हेल्मेट थोडं तिरकं, आणि मला बघून तिला इतका आनंद झाला की तिनं एक हात सोडून उंच केला. त्यासरशी हँडल वळलं आणि ती वाळूत आडवी झाली. लागलं काहीच नाही. वाळूत बसूनच ती हसायला लागली, हसता हसता इकडेतिकडे बघत म्हणाली, “प्रज्ञा, पडली ना वं मी! कोणी पाहून तं नाही राहिलं ना?” कुणी नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि झुडपापलीकडच्या पायी चालायच्या रस्त्यावर अण्णा दिसले. कानटोपी, हातमोजे, मागे हात बांधलेले. “छान, छान,” ते म्हणाले. “चालू द्या, सुनंदावहिनी.” आणि मान डोलावत पुढे गेले.

संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये असायचा. हळदीकुंकू, तिळगूळ, लहान मुलांचे नाच, आणि शेवटी अण्णांची एकपात्री करमणूक, ती कुणीच टाळू शकायचं नाही. त्या वर्षी अण्णांनी एक ओढणी मागून घेतली आणि कमरेला बांधली. एक प्लास्टिकची खुर्ची उलटी धरून ते तिच्यावर बसले आणि हातात स्टीलचं ताट हँडलसारखं धरलं. पहिल्या क्षणी मला कळलंच नाही. मग ते हेलकावे खात, एक हात उंच करून, स्टेजवर धप्पकन बसले, आणि बारीक, चिरका आवाज काढून म्हणाले, “पडली ना वं मी बाप्पा! कोणी पाहून तं नाही राहिलं ना जी?” हॉलमध्ये हशा फुटला. लोक मांड्यांवर थापा मारत होते. कुणीतरी ओरडलं, वन्स मोअर, आणि अण्णा पुन्हा पडले. या वेळी ‘राहिलं’ त्यांनी आणखी लांबवलं. सगळ्यांना कळलं होतं हे कोण आहे, कारण मंडळात वऱ्हाडी घर आमचं एकच होतं. बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत होते. आई पदर तोंडाला लावून हसत होती, सगळ्यांपेक्षा जोरात हसत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. नंतर अण्णांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. “राग नाही ना आला वहिनी? गंमत हो. गोड बोला म्हणजे झालं.” आई म्हणाली, “छे छे, राग कसला.” अगदी शुद्ध.

दुसऱ्या रविवारी ती पार्कात आली नाही. पाठ धरली आहे म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात गेले तर ओट्याच्या कोपऱ्यात हेल्मेट उपडं ठेवलेलं आणि त्यात लसूण. मी बघतच राहिले. “हवा लागते त्याच्यात,” आई पोळी लाटत म्हणाली, “सडत नाही लसूण.” मी म्हटलं, “आई, यार, तू त्यांच्यामुळे सोडणार? त्या माणसामुळे?” तिनं लाटणं थांबवलं नाही. “या वयात काय उड्या मारायच्या बाई. आपल्याले शोभते का.” तिचं मंडळातलं बोलणंही त्यानंतर आणखी कमी झालं. होय, नाही, छान झालं, येते. बस.

लोक म्हणतात की वयाबरोबर राग निवळतो. आज माझे गुडघे जिना बघून कुरकुरतात, चष्म्याशिवाय मला भाजीतला खडा दिसत नाही, पण हेल्मेटमधला तो लसूण मला अजून पाकळी-पाकळीनं दिसतो आणि अंगाचा तिळपापड होतो. त्या दिवसांत मी दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हते. अण्णांच्या स्कूटरची हवा सोडावी, त्यांच्या दाराला खाजकुयली लावावी, असे बालिश बेत मी आखले आणि मोडले. मला लपूनछपून काही करायचं नव्हतं. मला अण्णा पडलेले हवे होते. सगळ्यांसमोर. आणि आई पुन्हा सायकलवर हवी होती, तीही सगळ्यांसमोर. यातलं एकही कमी चालणार नव्हतं. दर रविवारी मी एकटीच जाऊन ती फेरी मारायचे, पुन्हा पुन्हा, दातओठ खात, आणि कोमल म्हणायची, “किसका गुस्सा है बेटा? पेडल बेचारे का क्या कसूर?”

आणि मग अण्णांनी स्वतःच ते माझ्या हातात आणून दिलं. मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपवर, त्या काळी सगळं तिथेच चालायचं, त्यांचा लांबलचक संदेश आला. महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी मंडळाची सायकलफेरी. आपल्या पार्कात मधोमध साक्षात महादेव विराजमान आहेत, तर आपण सायकलवरून त्यांना प्रदक्षिणा घालू या, आरोग्याचं आरोग्य आणि पुण्याचं पुण्य. पार्कवाल्यांनी सकाळची वेळ फक्त मंडळाला दिली आहे. कृपया नोंद घ्यावी, पार्कातले बाण उलट्या दिशेला आहेत, आपण बाणांच्या विरुद्ध, म्हणजे डावीकडून जायचं आहे, कारण प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा. नाश्त्याची व्यवस्था महिला मंडळाकडे. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी तो संदेश वाचला, आणि पुन्हा वाचला, आणि माझ्या अंगावर काटा आला. देव उजव्या हाताला ठेवायच्या नादात अण्णा विसरले होते की तो देव शंकर आहे! वर्षापूर्वी माझ्या बापाला चारचौघांत हात जोडायला लावणारी पन्हळ, तीच या फेरीच्या बरोबर मध्यावर आडवी येत होती. अख्ख्या मंडळात एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी ग्रुपवर लिहिलं, ‘खूप छान कल्पना, अण्णा’, आणि पुढे दोन फुलं टाकली.

कोमलला मात्र मी विश्वासात घेतलं, अर्ध्या गोष्टीपुरतं. सगळे डावीकडून गेले की ट्रेलची उजवी बाजू पूर्ण मोकळी असेल, तेव्हा आईला सायकलवर बसव, एवढंच. तिला नकलेचं सांगितलं तेव्हा तिचं हसू मावळलं. “उस दिन वाले अंकल?” ती म्हणाली. “तू आंटी जी को ले आ बस।”

त्या सकाळी थंडी ओसरलेली होती, नाल्याकडचे पळस निष्पर्ण होऊन नुसते केशरी पेटले होते. फाटकाशी टेबलं मांडली होती. महिला मंडळात आईच्या वाट्याला पोहे आले होते, आणि मी हट्ट धरून तिला तर्रीही करायला लावली होती. बाबा पातेलं धरून उभे होते. माझ्या पाठपिशवीत जांभळं हेल्मेट होतं. लसूण मी परातीत ओतून आले होते. अण्णा अंगाला घट्ट बसणारा नवाकोरा पिवळा सायकल-शर्ट घालून आले. कोमल त्यांना ब्रेकचं सांगायला गेली तर म्हणाले, “बेटा, हमने बचपन में पूरा पुणे साइकिल पे घूमा है। हमको क्या सिखाती हो?” ती म्हणाली, “अंकल जी, उल्टा मत जाओ, उधर से चढ़ाई खड़ी है।” अण्णा म्हणाले, “परंपरा है।” नारळ फोडला गेला, फोटो झाले, आणि अण्णा पुढे, मागे मालतीकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यामागे मंडळाचे दहाबारा हौशी आणि सगळ्यांच्या मागे मी, असे आम्ही डावीकडे वळलो. जाताना मी पिशवी कोमलकडे दिली.

उतरायची वळणं चढून जाणं काय असतं ते त्या दिवशी मंडळाला कळलं. पहिल्याच वळणावर निम्मे खाली उतरून सायकली ढकलायला लागले. अण्णा मात्र उतरेनात. धापा टाकत, चेहरा शर्टाशी न जुळणारा लाल करून, ते पुलापर्यंत पोचले आणि तिथे एक पाय टेकून सगळ्यांची वाट बघत थांबले. सगळे जमले. अण्णांनी घाम पुसला, “चला, अर्धी झाली,” म्हणाले, आणि पुढचं चाक फळीवर घातलं.

“अण्णा,” मी म्हटलं. माझ्या गळ्यात जेवढी साखर होती तेवढी सगळी मी त्या आवाजात ओतली. “एक विचारू? हे पाणी कुठून येतं?”

“कुठून म्हणजे? वरून. देवळातून.”

“म्हणजे अभिषेकाचं?”

“हो, मग?”

“मग ही पन्हळ म्हणजे सोमसूत्र ना? शंकराला अर्धीच प्रदक्षिणा असते, उलट फिरायचं असतं. मागच्या वर्षी तुम्हीच बाबांना सांगितलं होतंत, म्हणून आठवलं. नाही तर आम्हाला कसं माहीत असणार.”

मग मालतीकाकूंनी गालावर हात मारून घेतला. “अगंबाई, खरंच की! अहो, मागे घ्या चाक. मागे घ्या आधी.”

“अगं, तो देवळातला नियम आहे,” अण्णा म्हणाले. “इथे नैसर्गिक नाला म्हटल्यावर... शास्त्रात तसं...”

“नाला नैसर्गिक असेल, पाणी देवाचं आहे,” काकू म्हणाल्या. “शिवरात्र तोंडावर आलीय आणि तुम्ही मंडळच्या मंडळ पलीकडे नेताय? तुम्हीच नाही का त्या बिचाऱ्यांवर खेकसला होतात?” मागून कुणीतरी खुसकन हसलं. एक बाई म्हणाल्या, मी काही ओलांडणार नाही बाई. दुसऱ्यांनी, आधी का नाही सांगितलंत अण्णा, एवढा चढ उगाच चढलो, असं सुरू केलं. अण्णांनी चाक मागे घेतलं. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलेले बाबा मला आठवले आणि मला फार, फार बरं वाटलं.

तेवढ्यात पलीकडून घंटी वाजली. झाडांतून आई आली. ओढणी कमरेला, हेल्मेट तिरकं, नजर जिथे जायचं तिथे. फळ्या खडखडल्या आणि ती पूल ओलांडून अलीकडे आली, कारण तिच्या वाटेत कुठलंच सोमसूत्र नव्हतं. कुणी बघत नाही अशा भरवशावर निघालेल्या तिनं अख्खं मंडळ समोर उभं बघितलं आणि दोन्ही ब्रेक दाबले, हल्का हल्का. मला वाटलं आता ती उतरणार. ती माझ्याकडे बघत होती. मी फक्त मान हलवली. तिनं एक श्वास घेतला आणि म्हणाली, “अवो, बाजूला व्हा जी जरासं. उतार लागते पुढं.” मंडळासमोर ती असं पहिल्यांदा बोलली. आणि सगळे खरंच बाजूला झाले.

सगळे, पण अण्णा नाहीत. “थांबा, पुढे मी जातो,” ते गुरगुरले. “लीड मी करतोय.” आणि सायकल वळवून ते उताराला लागले. कोमलनं शिकवल्याप्रमाणे आईनं त्यांना पुढे जाऊ दिलं, अंतर ठेवलं. आम्ही सगळे मागोमाग, खालची वाळू दिसते तिथपर्यंत, उताराच्या तोंडाशी आलो. पहिलं वळण अण्णांनी घेतलं. दुसऱ्याला ते मातीच्या कडेवर भलतेच वर चढले आणि कसेबसे खाली आले. मग वेग वाढला. खालून कोमल ओरडत होती, “अंकल जी, दोनों ब्रेक! दोनों!” पण अण्णांची नजर समोरच्या वाळूवर खिळली होती, आणि ज्याच्याकडे टक लावून बघावं त्यातच माणूस शिरतो. वाळूच्या तोंडाशी त्यांनी पुढचा ब्रेक करकचून दाबला. मागचं चाक उचललं गेलं, पिवळा शर्ट हवेत दिसला, आणि अण्णा हँडलवरून पुढे जाऊन आईच्याच जागी, त्याच वाळूत, चारी बाजूंनी पसरले. एक बाही काठच्या कीकरमध्ये अडकून राहिली.

वर आम्ही आणि खाली पोह्यांच्या टेबलाशी बाकीचे, असं सगळं मंडळ बघत होतं. अण्णांनी मान उचलली. तोंडात वाळू गेली होती, पण हातपाय शाबूत होते. त्यांनी एकदा फाटकाकडे बघितलं आणि एकदा वर बघितलं. बघणारी माणसं मोजायची तर पुष्कळ होती.

मग आई खाली आली. एक वळण, दुसरं वळण, एकही धक्का न बसता. वाळूच्या अलीकडे तिनं सायकल थांबवली, एक पाय टेकला, हेल्मेट सरळ केलं आणि वाकून अण्णांकडे बघितलं. आणि यवतमाळला विहिरीवरून हाक मारावी तशा मोकळ्या, खणखणीत आवाजात, कुंपणापलीकडच्यालाही ऐकू जाईल असं, म्हणाली,

“उठा जी अण्णा. कोणी नाही पाहून राहिलं.”

हसायला सुरुवात कुणी केली ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं बाबांनी. ते या वेळी बुटांकडे बघत नव्हते. नंतर काकूंनी अण्णांच्या बाहीतले काटे काढले, अण्णांनी कुणाशी न बोलता पोहे खाल्ले, आणि त्यांच्या ताटात तर्री वाढताना आईचा हात जरा सैल सुटला. पुढच्या संक्रांतीला एकपात्री करमणूक झाली नाही. आई पन्नाशी उलटेपर्यंत ती फेरी मारत होती.

ते वाक्य ती अण्णांना धीर द्यायला म्हणाली की सूड म्हणून, हे मी तिला आयुष्यभर विचारत राहिले. प्रत्येक वेळी तिचं एकच उत्तर. “तुले काय वाटते?” असं विचारायची, ओठ आवळून हसू दाबायची, आणि लसूण सोलायला घ्यायची.